बोर्डाचा रिकामा खण

१

खण आधी अडला. पुष्पलतानं पितळी कडी धरून झटका दिला तेव्हा तो एकदम बाहेर आला, आणि आत पाहून तिचा हात तसाच राहिला. खणाचा तळ दिसत होता. गेल्या कित्येक महिन्यांत तो कुणाला दिसला नव्हता, कारण इंग्रजीतल्या 'बोर्ड' या एकट्या शब्दाची कार्डं त्यात गच्च भरलेली असत.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस, एकादशी, शनिवार. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ नानाजी बोंद्र्यांचं घर होतं आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत शब्दकोश मंडळाचं काम चाले. खोलीला दार एकच, ओसरीवर उघडणारं. आत भिंतभर लाकडी खणांचं कपाट. शब्दाचा एक अर्थ म्हणजे एक कार्ड, आणि एका शब्दाची सगळी कार्डं सुतळीनं बांधून एका खणात, अशी तिथली पद्धत होती. नानाजी संपादक. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे रुपराव मोहोड त्यांचे सहायक. पुष्पलता छापखान्यासाठी नकला करून देणारी. आणि मारोतराव घाटोळे वकील हे मंडळाचे चिटणीस, म्हणजे काम सोडून बाकी सगळं पाहणारे.

त्या सकाळी चौघंही खोलीत होते. सोमवारी मुंबईहून सरकारी अनुदानाचे पाहुणे यायचे होते आणि नमुना म्हणून त्यांना हाच शब्द दाखवायचा ठरला होता. अनुदान मिळालं तर कोश छापला जाणार, नाहीतर भिंतीशी लागलेलं ते कपाट तसंच वाळवीची वाट पाहत बसणार.

"नवमीच्या पूजेनंतर खोलीची चावी कोणाजवळ होती?" मारोतरावांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. चावी त्यांनीच तिला दिली होती, पाहुणे येणार म्हणून लवकर येऊन झाडलोट कर असं बजावून.

"माह्याजवळ," पुष्पलता म्हणाली.

"आणखी कोणाजवळ?"

"कोणाजवळच नाही."

"मग सोमवारी सकाळपर्यंत कार्डं जागेवर ठेवा. नाहीतर पाहुण्यांच्या आधी मी पोलीस आणीन, आणि तुमचं इथलं काम आजच संपलं असं समजा."

आपण काही केलं नाही, एवढं तरी ती म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. पुष्पलतानं चावी टेबलावर ठेवली, पदर खांद्यावर ओढला आणि खाली मान घालून उभी राहिली.

२

वामनराव वैरागडे पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कुणी विचारलं तर सांगत, आता मी फक्त गुलाबाच्या झाडांवरच्या अळ्या पकडतो. पण नानाजी त्यांचे शाळेतले सोबती. निरोप मिळाला तसे ते सायकलवर टांग टाकून निघाले.

ओसरीवर नानाजी आरामखुर्चीत बसले होते. वामनरावांनी फाटक उघडलं, सायकल लावली, पायऱ्या चढल्या, पुढ्यात येऊन उभे राहिले. नानाजी तलावाकडे तोंड करून बसूनच राहिले.

"काय गा, ओळख विसरला का?"

"वामन," नानाजींचा चेहरा उजळला. "ये ये. मी विचारात होतो."

भागीरथाबाईंनी चहा आणला. नानाजींच्या खुर्चीच्या उजव्या हाताला कप ठेवताना बशीला चमचा किंचित वाजवला आणि त्या आत गेल्या. एकादशीच्या उपासानं त्यांचं तोंड सुकलं होतं. उपास दरवर्षीचा, पण वामनरावांना त्या जरा जास्तच ओढलेल्या वाटल्या.

"एका शब्दासाठी एवढा गोंधळ?" वामनराव म्हणाले. "बोर्ड म्हणजे बोर्ड. शाळेतला फळा. अन् दहावीच्या परीक्षेचं. अन् दुकानावरची पाटी."

नानाजींना हेच हवं होतं. चोरी झाली होती, तरी शब्दाचं नाव निघाल्यावर त्यांचा आवाज खुलला.

"मुळात थे दोन शब्द होते, गा. एक लाकडाची फळी. दुसरा जहाजाची कड. दिसायले सारखे, बोलायले सारखे, एकाच घरात राहून राहून भाऊ झाले. फळीचं झालं जेवायचं मेज. मेजावरचं जेवणही बोर्डच झालं. म्हणून जेवूनखाऊन राहणारं पोट्टं बोर्डिंगात राहते. मग मेजाभोवती बसून कारभार करणारे लोक, थेही बोर्ड. परीक्षेचं, विजेचं, सगळी बोर्डं त्याच मेजावर बसली. अन् जहाजाच्या कडेवरून लोक चढले, म्हणून आजही गाडीत चढायले तोच शब्द."

"अन् सरळ व्यवहाराले इंग्रजीत 'अबव्ह बोर्ड' म्हणतात, ते कसं?"

"मेजाच्या वर. पत्ते खेळणाऱ्यानं हात मेजाच्या वर ठेवायचे, खाली नेले की लबाडी. तुह्या खात्याले शोभणारा अर्थ हाय." नानाजी थांबले. मग हळू म्हणाले, "थे पोट्टीनं नाही घेतलं वामन. पण मले सिद्ध करता येत नाही. तिच्या लेकीची शाळा अन् घरचं सगळं याच कामावर हाय. चोर म्हणून इथून गेली तं नागपुरात तिले कोण दाराशी उभं करीन?"

"तुले एवढी खात्री कशी?"

नानाजींनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवायला बशी हातानं चाचपली.

३

रुपराव मोहोड खोलीतच होते. दसऱ्याला शिवलेली पांढरी पॅन्ट त्यांनी घातली होती आणि मांडीवर लाल-पिवळे डाग होते.

"तुमचं अन् नानाजींचं या शब्दावरून वाजलं होतं म्हणतात," वामनराव म्हणाले.

"वाजलं काय, अजून वाजून राहिलं." रुपरावांनी लपवलं नाही. "माझं म्हणणं, दोन मुळं आहेत तर दोन नोंदी करा. त्यांचं म्हणणं, भाषेनं एक केलं ते आपण काहून तोडायचं. मी सोमवारी पाहुण्यांसमोर माझं मांडणार होतो. आता सांगा, मी कार्डं चोरून काय करू? रिकाम्या खणाशी भांडू? मला तो भरलेला हवा होता."

"नवमीच्या आधी कुठं होता?"

"सप्तमीलाच गावी गेलो होतो. बस वाडीपर्यंत आणून सोडते, तिथून रिक्षा करून थेट पूजेला आलो. आल्यावर आरती, प्रसाद. मारोतराव तर सगळ्यांच्या मागून आले. आणि आज ही नवी पॅन्ट गेली. पुष्पलताबाईंनी खण ओढला, तो निघेना. निघाला तो धाडकन, आणि कडेचं वाळलं कुंकू, तांदूळ, सगळं माझ्या अंगावर. मी बाजूलाच उभा होतो."

वामनरावांनी मान हलवली. त्या घटकेला त्यांचं लक्ष पॅन्टीकडे नव्हतं. त्यांना पुष्पलता काहीच का बोलली नाही हे कोडं पडलं होतं.

ती मागच्या अंगणात तुळशीजवळ उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. वामनराव दगडावर बसले आणि तिलाही बसायला सांगितलं.

"अष्टमीच्या संध्याकाळी खण भरलेला होता?"

"होता. नानाजी रोज जाताना सगळ्या कार्डांवरून बोटं फिरवतात. थ्या दिवशीही फिरवली. मग मी कुलूप लावलं अन् चावी त्यांच्या हातात देली. थे सैपाकघरातल्या खिळ्याले लावतात."

"अन् नवमीले?"

"पूजेच्या येळी सगळे होते. खण कोणी उघडले नाही, उघडतच नसते. पूजा मांडली की दसरा होयेपर्यंत पुस्तकाले, कार्डाले हात लावायचा नाही. मग वकीलसाहेबांनी चावी मले देली."

"तू कार्डं घेतली?"

"नाही."

"मग हे मारोतरावाले काहून नाही सांगितलं, बाई?"

"एकाले उत्तर देलं की थे दुसरं विचारतात."

"दुसरं काय?"

पुष्पलता तुळशीकडे वळली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती आणि पहिल्या दोन बोटांना निळ्या शाईचे जुने, न निघणारे डाग होते. वामनरावांना आठवलं, मघाशी तिच्या टेबलावर त्यांना फक्त बॉलपेन दिसलं होतं. दौत आणि टाक नानाजींच्या टेबलावर होते.

"मले जेलात टाका," ती म्हणाली, "पण हे विचारू नका."

४

वामनराव एकटेच कपाटापुढं जाऊन उभे राहिले. सगळ्या खणांना नवमीची हळद-कुंकवाची बोटं होती. ती त्यांनी आल्याबरोबर पाहिली होती आणि तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पूजेत माणूस चित्र काढायला बसत नाही.

आता ती त्यांनी जवळून पाहिली. दरवर्षी नानाजीच पूजा करत. गेल्या वर्षी वामनरावही प्रसादाला होते आणि त्यांना पक्कं आठवत होतं, प्रत्येक खणाच्या नावपट्टीवर मधोमध एक नीट टिकली होती. यंदा बोटं चौकटीच्या लाकडावर सुरू होत होती आणि खणावर येऊन संपत होती. ओलं कुंकू इतकं भरपूर होतं की खण आणि चौकट यांच्यामधल्या फटीत ते उतरून वाळलं होतं, आणि अक्षतांचे दाणे फटीत रुतून बसले होते.

त्यांनी शेजारचा खण हलकेच ओढला. तो अडला. जोर केल्यावर निघाला आणि वाळल्या कुंकवाच्या पापड्या त्यांच्या धोतरावर पडल्या.

वामनराव धोतराकडे पाहत राहिले आणि मग स्वतःशीच हसले. कोर्टात लाखेची मोहोर लावलेले पुडके त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. इतकी पक्की मोहोर सरकारी माणसानंही कधी लावली नव्हती.

त्यांनी मारोतरावांना बोलावलं.

"वकीलसाहेब, पूजेनंतर हा खण कोणी उघडला असता तर हे कुंकू तेव्हाच फुटलं असतं. ते आज सकाळी फुटलं, तुमच्या डोळ्यांदेखत, रुपरावांच्या पॅन्टीवर. पॅन्ट अजून साक्षीला आहे. म्हणजे चावी पुष्पलताकडे गेली तेव्हा खण आधीच रिकामा होता. तुम्ही सगळ्यांनी रिकाम्या खणाची आरती केली."

मारोतराव खाली वाकून चौकट न्याहाळू लागले. चूक कबूल करणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"तिनंच पुन्हा लावलं असेल कुंकू."

"मग ते एका रात्रीचं वाटलं असतं, अन् तिनं टिकली नीट लावली असती. असं वेडंवाकडं एकाच माणसानं लावलं आहे, सगळ्या खणांना सारखंच."

"मग पूजेच्या आधी कोणी घेतली? अष्टमीच्या संध्याकाळी तर नानाजींनी स्वतः चाचपून पाहिली होती. त्यानंतर चावी सैपाकघरात..." वकिलांचं वाक्य अर्धवट राहिलं.

सैपाकघरात जाणारी माणसं दोनच होती. वामनरावांना आता पुढं जाऊ नये असं वाटू लागलं. पण थांबले असते तर सोमवारी पुष्पलता पोलिसांपुढं उभी राहिली असती.

"उद्या दुपारी जेवायले येतो म्हणून नानाजीले सांगा," ते म्हणाले. "तोवर तुम्ही कोणापाशी बोलू नका."

५

रविवारी बारस होती, उपास सोडायचा दिवस. वामनराव येताना सीताबर्डीवरून जिलेबी घेऊन आले, कारण नानाजींचा जीव जिलेबीत असे.

सैपाकघरात पानं मांडली होती. नानाजींना पाट होता, वामनरावांसाठी घोंगडीची घडी.

"भाऊजी, घोंगडीवर बसा आज," भागीरथाबाई म्हणाल्या. "एक पाट देवघरात गुंतला हाय."

देवघर त्याच खोलीच्या कोपऱ्यात होतं. पाटावर काहीतरी होतं, त्यावर पिवळं उपरणं अंथरलं होतं, आणि वर झेंडूची फुलं, आपट्याची पानं.

नानाजी सफाईनं जेवत होते. भात मधे, भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, मीठ वर. आपल्याकडे ताट वाढायची रीत अशी पक्की आहे की जेवणाऱ्यानं ताटाकडे पाहिलं नाही तरी हात चुकत नाही. वामनरावांनी आयुष्यभर असंच ताट खाल्लं होतं आणि त्याचा हा उपयोग त्यांच्या कधी ध्यानात आला नव्हता.

प्रेमानंच त्यांनी पुढ्यातल्या जिलेबीतला एक वेढा उचलला आणि सोबत्याच्या ताटात डावीकडे, चटणीच्या जागेवर ठेवला. नानाजींनी पोळीचा तुकडा केला, चटणी घ्यायला नेला, आणि हात पाकात चिकटून थांबला. चेहऱ्यावर क्षणभर वाट चुकल्यासारखं झालं.

"जिलेबी ठेवली भाऊजींनी, डावीकडे," भागीरथाबाई पटकन म्हणाल्या.

"दिसली मले," नानाजी म्हणाले.

वामनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. फाटक वाजलं तरी न वळलेली मान, बशीशी वाजवलेला चमचा, चौकटीवर उतरलेलं कुंकू, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. आणि ही गोष्ट आपल्या शाळेपासूनच्या सोबत्यानं आपल्याला सांगितली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

"वहिनी, तुमचं पान?"

"मले भूक नाही."

"आज बारस हाय. उपास सुटला."

"माहा नाही सुटला," त्या म्हणाल्या आणि वाढायच्या निमित्तानं पाठमोऱ्या झाल्या.

६

जेवण झाल्यावर वामनरावांनी पुष्पलतालाही सैपाकघरात बोलावलं. मारोतरावांना त्यांनी मुद्दाम बोलावलं नाही.

"नानाजी," ते म्हणाले, "आज सगळ्यांनी हात मेजाच्या वर ठेवायचे. तुह्याच शब्दातलं हाय हे."

मग ते देवघराकडे वळले.

"वहिनी, दसऱ्याची सरस्वती दसऱ्यालाच उठवतात. माह्या घरची परवाच उठली. तुमच्या देवघरातली अजून काहून बसली हाय?"

भागीरथाबाईंनी भिंतीला हात टेकला. मग त्या देवघरापुढं बसल्या, फुलं बाजूला केली आणि उपरणं उचललं. पाटावर सुतळीनं बांधलेली कार्डांची जुडी होती. तिला हळद-कुंकू लागलं होतं.

"चुलीत घालायले आणली होती," त्या म्हणाल्या. "अष्टमीच्या दिवशी, हे झोपल्यावर. पण लिहेलं कागद हाय. हात झाला नाही. मंग पूजेत ठेवली."

"तू?" नानाजींचा आवाज बसला. "भागीरथा, काहून?"

"काहून म्हणता?" त्या नवऱ्याशी असं कधी बोलत नसाव्यात. "तुमच्या टेबलावरचे कागद मी रोज पुसते. मले इंग्रजी येत नाही, पण एका वळीवर दुसरी वळ चढली हे तं दिसते ना. वर्ष झालं, तुमचं अक्षर असंच होऊन राहिलं. सोमवारी थे लोक म्हणतील, वाचा. तुम्ही वाचणार कसं? मंग म्हणतील, आंधळ्याच्या हातून कोश काढून घ्या. मी म्हटलं, कार्डंच नसली तं वाचायचं काम नाही. पाहुणे गेले की परत ठेवून देईन. चावी यंदा इले देतील हे मले का माहीत?" त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. "शनिवारी तुह्यावर आलं तं मी दारातच होती, बाई. माह्या तोंडातून शब्द निघाला नाही. तुले वाचवायचं तं यांची गोष्ट सांगा लागे. तेव्हापासून घास उतरला नाही."

नानाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आपलं गुपित आपल्या घरातच कुणी वर्षभर जपत होतं, हे त्यांना पचायला वेळ लागत होता.

वामनराव पुष्पलताकडे वळले. "अन् तुह्या बोटाची शाई?"

उठून तिनं सुतळी सोडली आणि वरचं कार्ड वामनरावांच्या हातात दिलं. अक्षर ठसठशीत होतं, ओळी सरळ. थेट नानाजींचं जुनं अक्षर. खालचं कार्डही तसंच, आणि त्याखालचंही.

"नानाजींची कार्डं वाचता येईनाशी झाली तेव्हा मी त्यांनाच विचारायची," ती म्हणाली. "छापखान्यासाठी म्हणून पुन्हा सांगा म्हणायची. थे सांगत, मी त्यांच्याच टाकानं लिहून त्यांच्या कार्डाच्या जागी ठेवत होती. कोणाले समजू नये म्हणून अक्षर गिरवलं. वकीलसाहेबांनी खण पाहिला असता तं सगळं बरोबरच होतं."

भागीरथाबाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ओळी सरळ आहेत हे दिसत होतं. जुडी उचलली तेव्हा त्यांनी सुतळी सोडून पाहिली असती, तर हे काहीच घडलं नसतं. पूजेच्या आदल्या रात्री त्यांचा हात तेवढा धजावला नव्हता. त्या पुष्पलताला जवळ घेऊन रडू लागल्या, आणि पुष्पलता, जी मारोतरावांपुढं रडली नव्हती, तीही रडली.

नानाजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"वामन, मारोतरावाले काय सांगशीन?"

"मी कार्डं सापडली एवढंच सांगीन. कुठं, कशी, हे तू सांग. की नको सांगू. पण या पोरीचं नाव धुतलं पाहिजे, अन् ते अर्धवट सांगून धुतलं जाणार नाही."

"म्हणजे कोश जाईन."

"जाऊ शकते," वामनराव म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"वं, जेव आता तू," नानाजी बायकोला म्हणाले.

"सोमवार होऊ द्या," भागीरथाबाई म्हणाल्या. "मंग जेवीन."

७

सोमवारी पाहुणे आले. दोघे होते, चष्मेवाले, मुंबईचे, फार न बोलणारे. मारोतराव ओसरीवर येरझारा घालत होते. कार्डं सापडली हे त्यांना कळलं होतं, त्यापुढचं वामनरावांनी सांगितलं नव्हतं.

"सुरुवात करण्याआधी," नानाजी म्हणाले, "एक सांगतो. मला दिसत नाही. साधारण वर्ष झालं. ही गोष्ट मी मंडळापासून लपवली. माझ्या बायकोनं ती झाकण्यासाठी कार्डं लपवली आणि त्याचा ठपका पुष्पलताबाईंवर आला. त्यांनीही माझ्यासाठीच तोंड उघडलं नाही. तुमच्या पुढ्यातली कार्डं त्यांच्या हातची आहेत."

दोघांतले मोठे पाहुणे कार्डं चाळत होते.

"मग हा मजकूर कोणाचा? तुमचा की यांचा?"

"विचारून पाहा," नानाजी म्हणाले.

पाहुण्यांनी विचारलं. नानाजी बोलू लागले. फळीपासून निघाले, मेजावर आले, मेजावरच्या जेवणावर, जेवणाऱ्या माणसांवर, जहाजाच्या कडेवरून गाडीत चढले, पत्त्यांच्या डावावर थांबले. आपल्या पाटाचंही त्यांनी सांगितलं. तोही लाकडाचीच फळी, पण आपण त्यावर जेवण मांडलं नाही, माणूस बसवला. मधे रुपरावांनी दोन नोंदींचा मुद्दा काढला आणि पाहुण्यांसमोरच दोघांचं वाजलं. नानाजींना एवढं खुशीत कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पाहुण्यांच्या हातातलं कार्ड आणि नानाजींचे शब्द कुठंही वेगळे पडले नाहीत.

"अनुदानाचं आम्ही लिहू," शेवटी मोठे पाहुणे म्हणाले. "पण संपादकाच्या जागी एक नाव चालणार नाही. दोन घाला, तुमचं आणि पुष्पलताबाईंचं."

मारोतराव उठले. पुष्पलता दाराशी उभी होती, तिच्यापुढं जाऊन त्यांनी हात जोडले. "बाई, माझी चूक झाली," ते म्हणाले. एवढं छोटं भाषण त्यांनी पूर्वी कधी केलं नसावं. पुष्पलतानंही हात जोडले, आणि टेबलावरची चावी उचलून कनवटीला लावली.

पाहुणे स्टेशनवर गेले. सैपाकघरात पानं मांडायची वेळ झाली तेव्हा नानाजी म्हणाले, "आज बायकांची पंगत मागून नाही. सगळ्यांची एकच." देवघरातला पाट त्यांनी वामनरावांना आणायला लावला आणि स्वतः चाचपत जमिनीवर मांडला. "भागीरथा, इथं बस. आज मी वाढतो."

"तुमाले जमणार नाही."

"बस तू."

त्या अवघडून बसल्या. नानाजींनी गुडघ्यावर बसून ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरची जागा शोधली, चिमटीनं मीठ ठेवलं. डावीकडे चटणी. मग लिंबाची फोड. पुष्पलता मदतीला उठत होती, वामनरावांनी तिला हातानं थांबवलं.

"बरोबर हाय?" नानाजींनी विचारलं.

वर्षभर भागीरथाबाई सगळ्याच गोष्टींना बरोबर हाय म्हणत आल्या होत्या.

"लिंबू भाजीत पडलं," त्या म्हणाल्या.

नानाजी मोठ्यानं हसले. "मग तिथंच पिळून घे," ते म्हणाले, आणि भागीरथाबाईंनी लिंबू पिळलं आणि पहिला घास घेतला.